बातमीतले लॅटिन शब्द: ठेवायचे कुठे, मराठीत आणायचे कसे?

खिळेजुळारी

कोर्ट, विधिमंडळ, परराष्ट्र खाते आणि पोलीस ठाणे. लॅटिन शब्द आपल्या बातम्यांत येतात ते बहुतेक या चार दारांनी. वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी उशिरा येते, पान सोडायची वेळ झालेली असते, आणि शब्द कळला नाही की तो जसाच्या तसा देवनागरीत उतरतो. कधी कानाला जो अर्थ लागला तो लिहून टाकला जातो. दुसरा प्रकार जास्त घातक.

सुरुवात 'इन कॅमेरा'पासून करतो. 'पीडितेची साक्ष इन कॅमेरा झाली' आणि 'मृतदेहाचे इन कॅमेरा शवविच्छेदन करण्यात आले' ही दोन्ही वाक्ये मराठी पेपरांत नेहमी दिसतात. पहिल्यात अर्थ आहे बंद दाराआड. दुसऱ्यात अर्थ आहे व्हिडिओ चित्रीकरण करून. एकच शब्द, आणि अर्थ एकमेकांच्या विरुद्ध टोकांना.

लॅटिनमध्ये 'कामेरा' म्हणजे कमानदार छताची खोली. न्यायाधीशांच्या खोलीत, लोकांना बाहेर ठेवून चालणारे काम ते 'इन कॅमेरा'. फोटो काढायच्या यंत्राला हे नाव पुढे 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' म्हणजे अंधाऱ्या खोलीवरून मिळाले. शवविच्छेदनाच्या बातमीत हा शब्द यंत्राच्या अर्थाने घुसला, आणि आता तो तिथे रुळला आहे.

हा नुसता भाषेचा प्रश्न नाही. बलात्काराच्या खटल्याची सुनावणी बंद दाराआड चालते आणि तिथले कामकाज न्यायालयाच्या परवानगीशिवाय छापता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६६ पाहा. 'इन कॅमेरा' म्हणजे चित्रीकरण, असे समजणारा नवखा उपसंपादक साक्षीचा तपशील बिनदिक्कत पुढे सोडेल. म्हणून 'बंद दाराआड सुनावणी' आणि 'चित्रीकरणासह शवविच्छेदन' असे सरळ लिहावे. 'इन कॅमेरा' दोन्हीकडून काढून टाकावा.

माझे म्हणणे एवढेच, की बातमीतला लॅटिन शब्द बहुधा कामकाजाच्या एका पायरीचे नाव असतो. आधी ती पायरी ओळखायची, शब्द मागून येतो. ज्यांचा ज्या बीटशी, म्हणजे वार्तांकनाच्या क्षेत्राशी, संबंध आहे त्यांनी भर घालावी: शब्द कोणता, चूक कुठे होते, लिहावे काय.

न्यायालय_वार्ता

उत्तम धागा. कोर्टाच्या बाजूने लिहितो.

'स्टेटस को'ला मराठीत 'जैसे थे' हा इतका नेमका शब्दप्रयोग आहे, की लॅटिन लिहायची गरजच नाही. गडबड होते ती 'स्टेटस को आंटे' या दुसऱ्या आदेशात. तिथेही 'जैसे थे'च छापले जाते. समजा, एका बांधकामाच्या चार भिंती आहेत आणि दोन पाडून झाल्यावर आदेश आला. 'जैसे थे' असेल तर उरलेल्या दोन तशाच राहतील, पाडलेल्या दोन उभ्या राहणार नाहीत. 'आंटे' म्हणजे 'पूर्वीची'. तसा आदेश असेल तर पाडापाडीच्या आधीची स्थिती परत आणावी लागेल. त्याला 'पूर्वस्थिती कायम करण्याचा आदेश' म्हणा. आदेशात कोणत्या तारखेची स्थिती म्हटले आहे ते वाचा आणि ती तारीख बातमीत घ्या. तारखेशिवाय 'जैसे थे'ची बातमी अर्धवट.

'अ‍ॅड इंटरिम' हा मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांत सतत येणारा शब्द. तो आणि नुसता 'इंटरिम' या दोन्हींचे आपण 'अंतरिम दिलासा' करतो. फरक मुदतीचा आहे. मुख्य दावा निकाली निघेपर्यंत दिलेला दिलासा तो अंतरिम. त्या अंतरिम अर्जावरच पूर्ण सुनावणी होईपर्यंत दिलेला, म्हणजे त्याच्याही आधीचा, तो अ‍ॅड इंटरिम. बऱ्याचदा तो पुढच्या तारखेपर्यंतच असतो. 'पुढील सुनावणीपर्यंत तात्पुरता दिलासा' लिहा आणि तारीख द्या. नाहीतर दोन आठवड्यांनी तो संपतो आणि 'कोर्टाने दिलासा काढून घेतला' अशी दुसरी चुकीची बातमी तयार होते.

'प्रायमा फेसी'ला 'प्रथमदर्शनी' पक्का शब्द आहे. पण तो मथळ्यातून पहिला गळतो. 'प्रथमदर्शनी पुरावा दिसतो' म्हणजे प्रकरण पुढे चालवण्याइतके काही समोर आहे, आणि ते अजून खोडले जाऊ शकते. मथळ्यात जागा नाही म्हणून 'न्यायालयाने ठपका ठेवला' केले, की अर्थ उलटला. शब्द कापायचाच असेल तर दुसरा कापा, हा नको.

'ओबिटर डिक्टम' हा शब्द आपण छापत नाही, पण मोठ्या चुकांचे मूळ तिथेच आहे. सुनावणीत न्यायमूर्ती बोलता बोलता काही म्हणतात. निकालपत्रातही निर्णयाला आवश्यक नसलेली मते असतात, तीच 'ओबिटर डिक्टम'. ती बंधनकारक नसतात. बंधनकारक असते ते निर्णयाचे कारण, 'रेशो डेसिडेंडी'. आपण मात्र तिन्हींना 'न्यायालयाने म्हटले आहे' हे एकच क्रियापद लावतो. सुनावणीतल्या बोलण्याला 'तोंडी टिप्पणी केली', निकालातल्या जादा मताला 'निकालपत्रात मत नोंदवले', आणि निर्णयाला 'आदेश दिला' किंवा 'निर्वाळा दिला' अशी तीन क्रियापदे वेगळी ठेवली, तर वाचकाला एकही लॅटिन शब्द न सांगता फरक कळतो.

आणि 'कॅव्हेट'. कॅव्हेट दाखल झाले म्हणजे स्थगिती मिळाली, असे लिहू नका. मूळ अर्थ 'त्याने सावध असावे'. 'माझे ऐकून घेतल्याशिवाय आदेश देऊ नका' एवढीच ती आगाऊ विनंती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली ती ९० दिवस टिकते. अर्ज आलाच नाही तर ती आपोआप संपते, आणि तशी बातमी मागून देण्याची गरज नसते.

उत्सुक_वाचक

एक शंका. 'सुमोटो', 'सुओ मोटो' आणि 'सुओ मोटू' अशी तीन रूपे दिसतात. बरोबर कोणते? आणि 'सुमोटो याचिका' म्हणजे न्यायालय स्वतःच याचिका करते का?

व्युत्पत्ती

मूळ रूप 'सुओ मोटू', म्हणजे स्वतःच्या प्रेरणेने. 'मोटुस' या नामाचे रूप 'मोटू' होते, 'मोटो' होत नाही. 'सुओ'च्या शेवटच्या 'ओ'ला जुळवून बोलणाऱ्यांनी 'मोटो' केले. लक्षात ठेवायला एक खूण: पोप स्वतःहून जो फर्मानवजा दस्तऐवज काढतात त्याला 'मोटू प्रोप्रिओ' म्हणतात. तोच शब्द, तेच रूप. दक्षिण आशियातल्या न्यायालयांत 'सुओ मोटू' चालते, अमेरिकेत त्याच अर्थाने 'सुआ स्पॉन्टे' म्हणतात. त्यामुळे तिकडच्या कॉपीत तो शब्द आला तर गोंधळू नये.

मराठीत मात्र 'स्वतःहून दखल' हे इतके सोपे आहे, की तिन्ही रूपांचा वाद मिटतो. 'सुमोटो याचिका' ही रचना खटकते ती बरोबरच आहे. न्यायालय याचिका करत नाही. ते दखल घेते, आणि त्या दखलीची नोंद जनहित याचिका म्हणून केली जाते. 'वृत्ताची स्वतःहून दखल घेत उच्च न्यायालयाने जनहित याचिका नोंदवून घेतली' असे लिहिले की कोणी काय केले ते स्वच्छ होते. कोणी पत्र पाठवले आणि त्यावरून सुनावणी सुरू झाली, तर पत्र कोणाचे हे बातमीत आलेच पाहिजे. 'स्वतःहून' म्हटल्याने पत्र लिहिणारा नाहीसा होतो.

ता. क. अनेकवचनांची भीती बाळगू नका. 'डेटा', 'मीडिया', 'अजेंडा' ही तिन्ही लॅटिनमध्ये अनेकवचने. मराठीत ती एकवचनी रुळली आहेत, 'मीडियाने दाखवले' हेच बरोबर. 'अ‍ॅलुम्नी' मात्र एका माणसाला लावू नये. पुरुष 'अ‍ॅलुम्नस', स्त्री 'अ‍ॅलुम्ना'. 'माजी विद्यार्थी', 'माजी विद्यार्थिनी' असताना त्या वाटेला जावेच कशाला?

मराठीच_लिहा

मग नियमच करावा: बातमीत लॅटिन नाही. प्रत्येकाला मराठी शब्द आहे. 'पर कॅपिटा' दरडोई, 'एक्स ऑफिशिओ' पदसिद्ध, 'सब ज्युडिसी' न्यायप्रविष्ट, 'अ‍ॅड हॉक' तदर्थ, 'एक्स पार्टे' एकतर्फी, 'अल्ट्रा व्हायरीस' अधिकारबाह्य, 'व्हेटो' नकाराधिकार, 'कोरम' गणपूर्ती. हे शब्द आपल्याकडे तयार आहेत आणि आपणच ते वापरत नाही, याचे वाईट वाटते.

व्युत्पत्ती

यादी सुंदर आहे आणि बहुतेक ठिकाणी तुमच्याशी सहमत. 'दरडोई'कडे नीट पाहा. 'पर कॅपिटा'चा शब्दशः अर्थ 'डोक्यांप्रमाणे'. मराठीने डोईच धरली. 'तदर्थ' तर 'अ‍ॅड हॉक'चे सही सही प्रतिरूप: त्यासाठी. म्हणूनच 'तदर्थ समिती'ला 'तात्पुरती समिती' म्हणणे पुरेसे नाही. तिचे आयुष्य दिवसांवर ठरत नाही, कामावर ठरते. एका कामासाठी नेमलेली तदर्थ समिती पाच वर्षेही चालू शकते.

पण सरसकट नियम मोडतो तो न्यायालयीन आदेशांच्या नावांवर. संविधानाच्या अनुच्छेद ३२ आणि २२६ मध्ये पाच प्रकारचे आदेश आहेत. 'हेबियस कॉर्पस'ला बंदीप्रत्यक्षीकरण, 'मँडेमस'ला परमादेश (कर्तव्य पार पाडा, असा आदेश), 'को वॉरंटो'ला अधिकारपृच्छा, 'सर्शिओरारी'ला उत्प्रेषण, आणि पाचवा प्रतिषेध, म्हणजे खालच्या न्यायालयाला मनाई. 'अधिकारपृच्छा' वाचताच कळते: कोणत्या अधिकाराने हे पद धरले आहेस? 'बंदीप्रत्यक्षीकरण' लांब आहे, पण उलगडतो. 'उत्प्रेषण' मात्र वकिलाखेरीज कोणाला बोध करत नाही, 'सर्शिओरारी'ही करत नाही. अशा वेळी दोन्ही बाजूला ठेवून 'खालच्या न्यायाधिकरणाचे कागद मागवून त्याचा आदेश रद्द करण्याची मागणी' असे लिहावे. संस्कृत शब्द घातला म्हणजे मराठी झाले, असे होत नाही.

आणि 'हेबियस कॉर्पस'मधला 'कॉर्पस' म्हणजे मृतदेह नव्हे, जिवंत माणूस. 'व्यक्ती आमच्यासमोर आणा' असा तो आदेश. ही याचिका मंजूर झाली म्हणजे ती व्यक्ती निर्दोष ठरली असे नाही. अटक किंवा स्थानबद्धता कायदेशीर आहे का, एवढेच तिथे तपासतात.

मराठीच_लिहा

'उत्प्रेषण'चा मुद्दा पटला. मागे घेतो.

विधानभवन_गॅलरी

'सायनी डाय'. शब्दशः 'दिवस न ठरवता'. मराठीत 'अनिश्चित काळासाठी तहकूब'. इथवर ठीक. पण पुढच्या परिच्छेदात 'अधिवेशनाची सत्रसमाप्ती झाली' असे जोडून दिले जाते, आणि ती, म्हणजे अधिवेशन औपचारिकपणे संपवणे, वेगळी पायरी आहे. तहकुबी अध्यक्ष करतात, सत्रसमाप्ती राष्ट्रपती किंवा राज्यपाल. नुसती तहकुबी असेल तर अध्यक्ष सभागृह पुन्हा बोलावू शकतात. सत्रसमाप्तीनंतर नव्याने अभिनिमंत्रण, म्हणजे अधिवेशन बोलावण्याचा आदेश, लागतो. राजकीय पेचाच्या काळात सगळी बातमी याच फरकावर उभी असते. सत्रसमाप्तीने संसदेत प्रलंबित विधेयके रद्द होत नाहीत, अनुच्छेद १०७(३). तेव्हा 'अधिवेशन संपल्याने विधेयक बारगळले' हे वाक्य दिसले की थांबा आणि पुन्हा विचारा.

'कोरम' हा मूळ अर्थाने 'ज्यांपैकी'. इंग्लंडमध्ये न्यायदंडाधिकारी नेमतानाच्या सनदेत 'ज्यांपैकी अमुक एक हजर असावा' असे लॅटिन वाक्य असे, त्यातला हा सुटा शब्द. संसदेत गणपूर्ती, म्हणजे कामकाजासाठी लागणारी किमान हजेरी, एकूण सदस्यसंख्येच्या एक दशांश. 'कोरमअभावी' लिहिताना हजर किती होते आणि हवे होते किती, हे दोन आकडे द्या.

खिळेजुळारी

लेखनाचा प्रश्न राहिला. रोमन लिपीत तिरपे टाइप केले की वाचकाला परका शब्द कळतो. देवनागरीत ती सोय नीट रुळलेली नाही, शिवाय उच्चार ठरवल्याशिवाय अक्षरच लिहिता येत नाही. त्यातून न्यायालयाला साहाय्य करणाऱ्या वकिलासाठीच्या एका शब्दाची चार रूपे होतात: अमायकस क्युरी, अ‍ॅमिकस क्युरी, अमिकस क्यूरी, अ‍ॅमिकस क्युरिए. संकेतस्थळावर शोध घेणाऱ्याला चारातल्या एकाच रूपाच्या बातम्या सापडतात, संग्रह तुटतो.

उपाय साधा आहे. न्यायालयात किंवा सभागृहात जो उच्चार चालतो तो धरायचा, प्राचीन रोममधला शोधायचा नाही. एकच रूप शैलीपुस्तिकेत नोंदवायचे. बातमीत पहिल्यांदा येताना मराठी शब्द पुढे, लॅटिन एकेरी अवतरणात आणि तेही एकदाच: न्यायमित्र, म्हणजे 'अ‍ॅमिकस क्युरी'. नंतर फक्त न्यायमित्र. मथळ्यात आणि टीव्हीच्या पट्टीवर लॅटिन नकोच.

थेट अवतरणात मात्र हात लावू नये. वकिलाने 'लोकस स्टँडाय' म्हटले असेल तर तोच शब्द अवतरणात ठेवा, आणि बाहेर 'दाद मागण्याचा अधिकार' असा उलगडा करा.

आपल्या धंद्यातलेही दोन शब्द इथेच नोंदवतो. मुद्रिताच्या, म्हणजे छापण्याआधी तपासायच्या प्रतीच्या, समासात लिहितात तो 'स्टेट', म्हणजे 'राहू दे'. चुकून खोडलेल्या शब्दाखाली टिंबे देऊन समासात हा शब्द लिहिला, की जुळारी मूळ शब्द परत घेतो. दुसरा 'सिक', म्हणजे 'असेच'. मूळ कागदातली चूक आपली नाही हे दाखवायला तो कंसात टाकतात. मराठीत '(मूळ मजकुराप्रमाणे)' असे लिहावे. पण फक्त तिथेच, जिथे त्या चुकीने अर्थ बदलतो, उदाहरणार्थ एफआयआरमधली चुकीची तारीख. सामान्य माणसाच्या पत्रातल्या शुद्धलेखनावर हा शिक्का मारणे म्हणजे त्याला लोकांसमोर लाज आणणे. ते करू नये.

परराष्ट्र_डेस्क

'पर्सोना नॉन ग्राटा'ला 'हद्दपारी' म्हणणे थांबवायला हवे. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या अनुच्छेद ९ नुसार यजमान देश कोणत्याही राजनैतिक अधिकाऱ्याला, कारण न देता, अवांछित ठरवू शकतो. अधिकारी देशात पोचण्याआधीसुद्धा. मग पाठवणाऱ्या देशाने त्याला परत बोलवायचे असते. नाही बोलावले, तर यजमान देश त्याला दूतावासाचा सदस्य मानायचे नाकारू शकतो. पोलिसांनी धरून बाहेर काढणे यात कुठेच नाही. 'अवांछित घोषित केले, अमुक वेळेत देश सोडण्यास सांगितले' हे बरोबर. आणि सरकारने कारण दिले नसेल तर बातमीत 'हेरगिरीमुळे' असे आपल्या पदरचे घालू नये.

'क्विड प्रो क्वो' २०१९ मध्ये ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या वेळी घरोघरी पोचला. 'अमुकच्या बदल्यात तमुक'. नुसते 'साटेलोटे' लिहिले तर आरोप मोघम होतो. बातमीत तीन गोष्टी हव्यात: दिले काय, मिळाले काय, आणि एकामुळेच दुसरे झाले हे कशावरून. तिसरी नसेल तर हा शब्द वापरू नये. फ्रेंच किंवा इटालियन मजकुरावरून काम करणाऱ्यांसाठी इशारा: तिथे 'किप्रोको' म्हणजे गैरसमज, एकाला दुसरा समजणे. तोच शब्द, अर्थ निराळा.

आणि लॅटिन येण्याचा फायदा किती, याचे उदाहरण: ११ फेब्रुवारी २०१३ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी पद सोडत असल्याचे व्हॅटिकनमधल्या बैठकीत लॅटिनमध्ये सांगितले. बैठक संतपदाच्या घोषणांसाठी होती, असे काही होईल याची कल्पना नव्हती. आन्सा या इटालियन वृत्तसंस्थेच्या जोव्हान्ना किर्री यांना लॅटिन समजत होते. त्यांनी ऐकताक्षणी अर्थ ओळखला आणि जगात पहिली बातमी आन्साची गेली.

न्यायालय_वार्ता

एक राहिलेच: 'एक्स ग्रेशिया'. मराठी 'सानुग्रह'. अनुग्रहाने, म्हणजे देणे लागत नसताना दिलेले. अपघातानंतर सरकार किंवा कंपनी जाहीर करते ती रक्कम बहुधा अशीच असते, आणि जबाबदारी मान्य न करता दिलेली असते. तिला 'नुकसानभरपाई' लिहिले की देणाऱ्याने दोष कबूल केल्यासारखे होते, आणि मृतांच्या नातेवाइकांना वाटते की आता दावा करता येणार नाही. हे त्यांच्या हिताविरुद्ध आहे. भरपाई न्यायाधिकरण ठरवते, मदत जाहीर होते. पालिका कर्मचाऱ्यांच्या 'बोनस'चेही तसेच. बोनसचा कायदा स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांना लागू नाही, म्हणून ते सानुग्रह अनुदान.

उत्सुक_वाचक

'न्यायप्रविष्ट'बद्दल विचारायचे होते. 'प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने बोलणार नाही' असे अधिकारी सांगतात. मग बातमीच देता येत नाही का?

न्यायालय_वार्ता

देता येते. न्यायालयीन कामकाजाचा निष्पक्ष आणि अचूक वृत्तांत हा अवमान होत नाही, न्यायालय अवमान अधिनियम १९७१, कलम ४. बंद दाराआडच्या कामकाजाला कलम ७ चे वेगळे नियम आहेत, तिथे धाग्याच्या सुरुवातीचा 'इन कॅमेरा' पुन्हा आठवा. फौजदारी प्रकरण अवमानाच्या दृष्टीने 'प्रलंबित' होते ते आरोपपत्र दाखल झाल्यावर, किंवा न्यायालयाने समन्स अथवा वॉरंट काढल्यावर. तेव्हा अधिकाऱ्याने हा शब्द वापरला तर दोन गोष्टी विचारा: कोणत्या न्यायालयात, आणि प्रकरण क्रमांक काय? क्रमांक मिळाला की कागद मिळतात. क्रमांक नसेल, तर 'अधिकाऱ्यांनी प्रतिक्रिया देण्यास नकार दिला' एवढेच लिहा आणि 'न्यायप्रविष्ट' आपल्या वाक्यात घेऊ नका.

खिळेजुळारी

हे शैलीपुस्तिकेत टाकण्याजोगे आहे. आतापर्यंतचे शब्द अकारविल्हे लावून, प्रत्येकासमोर क्रियापदासह एकेक नमुना वाक्य देऊन, पुढच्या प्रतिसादात चिकटवतो. 'मोडस ऑपरेंडी' (गुन्हा करण्याची पद्धत) आणि 'अ‍ॅलिबाय' बाकी आहेत. गुन्हे बीट पाहणाऱ्यांनी लिहावे. 'अ‍ॅलिबाय'चा अर्थ 'दुसरीकडे' आहे, 'सबब' नव्हे, एवढी नोंद आत्ताच करून ठेवतो.